तहसीनचं उत्तर

गाडी सरळ आली, काळ्या रेघांच्या चौकात थांबली, डावीकडं वळायला लागली आणि वळतच राहिली. मग तोंड भलतीकडं करून टेबलाच्या कडेकडं सुटली. खाली पडायच्या आत विघ्नेशनं तिला दोन्ही हातांनी झेललं.

"पुन्हा जास्त वळली," तहसीन म्हणाली.

ती हातांनी म्हणाली. आमची सगळी मुलं हातांनीच बोलायची; मी इथं त्याचे शब्द करून लिहितेय. कराडपासून नऊ किलोमीटरवरच्या आमच्या निवासी शाळेत तेव्हा एकशे दहा कर्णबधिर मुलं होती. वर्गात आम्ही त्यांना तोंडानं बोलायला आणि समोरच्याचे ओठ वाचायला शिकवायचो. तास संपला की मुलं व्हरांड्यात जाऊन हातांनी भराभर बोलायला लागायची, आणि तिथं आम्हीच बहिरे असायचो. मी विज्ञान शिकवायचे. नोकरीला लागले तेव्हा मला एकही खूण येत नव्हती. अकरा वर्षांत मुलांनी त्या शिकवल्या.

"बॅटरी किती?" मी विचारलं.

तहसीननं गाडीच्या पाठीवरच्या करड्या पेटीतला आकडा पाहिला आणि वही उघडली. "आठ पूर्णांक एक. तक्त्यात आठ पूर्णांक एकला नव्वद लिहिलंय. नव्वद जास्त झालं. अठ्ठ्याऐंशी पाहिजे."

नव्वद म्हणजे एका सेकंदाच्या शंभर भागांतले नव्वद. गाडीनं वळताना चाक तेवढा वेळ फिरवायचं. पण बॅटरी भरलेली असली की चाक जोरात फिरायचं आणि उतरली की हळू, त्यामुळं तेवढ्याच वेळात गाडी कधी जास्त वळायची, कधी कमी. हे तहसीनच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. तेव्हापासून ती तक्ता करत होती. बॅटरीचा हा आकडा असेल तर वळायला एवढा वेळ. रोज संध्याकाळी खेळाच्या तासाला सगळी मुलं मैदानात जायची आणि ही गाडी वळवत बसायची. तीन आठवड्यांत तिनं वहीत एकशे चाळीस ओळी भरल्या होत्या.

तहसीन मुल्ला नववीत होती. उंब्रजच्या एका शिंप्याची मुलगी. उंच, काटकुळी, आणि तिच्या मताविरुद्ध कोणी काही सांगितलं की घशातून बारीक आवाज काढून हात झटकायची. विघ्नेश माने आठवीतला. गाडी बांधण्याचं सगळं काम त्याचं. तिसरी सुगंधा जाधव, सहावीतली, टेबलावर ठोकळे मांडायची आणि घड्याळ धरायची. पुण्याच्या एका कंपनीनं शाळेला यंत्रमानव बांधायचा संच भेट दिला होता, त्याबरोबर स्पर्धेचा अर्जही आला होता. आमचे मुख्याध्यापक थोरात सर म्हणाले, "शिर्केबाई, भाग तर घेऊ. पाहू काय होतंय ते."

स्पर्धा जानेवारीत पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात होती. गाडीनं आपोआप काळ्या रेघांवरून जायचं, लाल ठोकळे डाव्या चौकोनात आणि निळे उजव्या चौकोनात नेऊन ठेवायचे. वेळ अडीच मिनिटं. त्यानंतर परीक्षकांपुढं पाच मिनिटं तोंडी. दोन्हीला सारखे गुण. गाडी बांधायची मुलांनी, प्रोग्रॅमही मुलांनीच लिहायचा. शिक्षकांनी फक्त मार्गदर्शन करायचं, असं नियमांच्या कागदावर ठळक अक्षरांत होतं.

तहसीनचा तक्ता दहातल्या सहा वेळा बरोबर यायचा. कधी सात.

स्पर्धेच्या आधीच्या शनिवारी कराडहून एका महिला मंडळाच्या पंधरा-वीस जणी शाळा बघायला आल्या. थोरात सरांनी त्यांना विज्ञानाच्या खोलीत आणलं. "आमची मुलं आता यंत्रमानव बनवायला लागलीत," ते म्हणाले. सगळ्या टेबलाभोवती गोळा झाल्या. सुगंधानं ठोकळे मांडले, तहसीननं आकडा बघून वेळ भरली, विघ्नेशनं कळ दाबली. गाडी चौकात आली, वळली, आणि लाल ठोकळ्याशेजारून निघून गेली. विघ्नेशला या वेळी झेलता आली नाही. फरशीवर पडून तिचं पुढचं चाक निखळलं.

मग माझ्या वयाची एक बाई पुढं आली, सुगंधाच्या गालावरून हात फिरवला आणि तोंडभर हसून म्हणाली, "बिचारी! एवढं तरी करतात, हेच खूप आहे."

सुगंधा हसली नाही. तहसीननं मान खाली घातली आणि वही मिटली. 'बिचारी' हा शब्द मी वर्गात कधीच शिकवला नव्हता, पण आमच्या मुलांना ओठांवरचा तो शब्द पाच-सहा वर्षांची असल्यापासून ओळखता यायचा.

रविवारी दुपारी मी शाळेचा कॉम्प्युटर उघडून बसले. कंपनीच्या इंजिनिअरनं मला एकदा फोनवर एक युक्ती सांगितली होती. गाडीच्या पोटाखाली रंग ओळखणारा डोळा होताच. वळताना वेळ मोजायचीच नाही. खाली काळी रेघ दिसेपर्यंत वळत राहायचं, रेघ दिसली की थांबायचं. मग बॅटरी भरलेली असो की उतरलेली. मला तीन तास लागले. संध्याकाळी पाचला मी गाडी वीस वेळा सोडली. वीसही वेळा ती जेवढी वळायला हवी तेवढीच वळली.

सोमवारी मुलांनी तिची पहिली फेरी बघितली आणि विघ्नेश उड्याच मारायला लागला. सुगंधानं दोन्ही हात वर करून पंजे हलवले. आमच्याकडं टाळ्या अशाच वाजतात. तहसीन कॉम्प्युटरकडं गेली आणि प्रोग्रॅम उघडून बराच वेळ बघत राहिली.

"माझा भाग कुठं आहे?"

"बदललाय. फक्त वळायचा तेवढा. बाकी सगळं तुमचंच आहे."

"कोणी बदलला?"

"मी."

ती पुन्हा पडद्याकडं वळली. "मला हे कळत नाही."

"नंतर समजावते तुला. आता वेळ नाही. पाच दिवस राहिलेत, ठोकळा उचलायचा हात अजून ढिला आहे."

"माझा तक्ता बरोबर येणार होता. अजून थोडे दिवस पाहिजे होते."

"दिवस नाहीत ना, तहसीन."

तिनं हात झटकले नाहीत. घशातून आवाजही काढला नाही. तेव्हा मला वाटलं, तिला पटलं. पाच दिवस आम्ही ठोकळा उचलणाऱ्या हातावर काम केलं. त्या पाच दिवसांत मी तिला ते समजावलं नाही. वेळ खरंच नव्हता का, हे मला आज सांगता येणार नाही.

पुण्याला आम्ही शाळेच्या जीपनं पहाटेच निघालो. कॉलेजच्या मोठ्या दालनात चाळीस संघ होते. भोंगे, शिट्ट्या, ओरडणं, माईकवरच्या सूचना. शिक्षकांनी टेबलांपासून दहा फुटांवर पिवळ्या पट्टीमागं उभं राहायचं होतं. आमची तीन मुलं त्या गोंगाटात अगदी शांतपणे टेबलापाशी गेली. गाडीनं चारही ठोकळे दोन मिनिटं दहा सेकंदांत जागेवर नेऊन ठेवले. त्या फेरीत आमच्या पुढं एकच संघ होता.

तोंडी परीक्षेसाठी आयोजकांनी मला खास परवानगी दिली होती, कारण खुणा येणारं दुसरं कोणी तिथं नव्हतं. दाराशी एका मुलानं माझ्याकडून कागदावर सही घेतली. मुलं जे सांगतील तेवढंच आणि तसंच मी सांगेन, आपल्या मनाचं काही घालणार नाही, असा मजकूर होता. मी वाचून सही केली.

आत दोन परीक्षक होते. एक वयस्क गृहस्थ, ते फारसे बोलले नाहीत. दुसऱ्या पेंडसे मॅडम, कुठल्याशा कॉलेजात प्राध्यापक. त्यांचं मला फार बरं वाटलं, कारण त्या प्रश्न विचारताना माझ्याकडं बघत नव्हत्या. मुलांकडं बघून विचारत होत्या. विघ्नेशला त्यांनी चाकांबद्दल विचारलं. त्यानं सांगितलं, मी बोलले. सुगंधाला विचारलं, तू काय करतेस? ती म्हणाली, "मी घड्याळ. आणि कोणी रडलं तर मी हसवते." मी तेही बोलले. दोघंही परीक्षक हसले.

मग पेंडसे मॅडमनी कागद पुढं ओढले. आमचा प्रोग्रॅम छापून त्यांच्यापुढं होता. "हा वळण्याचा भाग आहे ना, तो मला आवडला. शाळेच्या मुलांचे संघ बहुतेक वेळ मोजूनच वळतात. हा कोणी लिहिला? आणि सुचलं कसं?"

मी तो प्रश्न हातांनी केला. तहसीन खुर्चीत सरळ बसली. तिला या प्रश्नाची वाट होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ती मॅडमकडं बघून सांगायला लागली.

"हा भाग बाईंनी लिहिला. मला तो अजून नीट येत नाही. आमचा वेगळा होता. तो सांगू? तो मी केला."

दुभाष्याला थोडं मागं राहावं लागतं. समोरच्याचं एक वाक्य हातात पुरं झालं की आपण तोंड उघडायचं. मला विचार करायला वेळ मिळाला नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण वेळ होता. तीन-चार सेकंद असतील. तेवढ्यात मला बाद झालेला संघ दिसला, जीपमधली परतीची वाट दिसली, सुगंधाच्या गालावरून फिरलेला हात दिसला.

"हा भाग आम्ही तिघांनी मिळून लिहिला," मी म्हणाले. "आधी वेगळा होता. तो चुकायचा, म्हणून हा केला."

"वा. मग कसं केलंत ते तिला सविस्तर सांगू दे," मॅडम म्हणाल्या.

मी तहसीनला म्हटलं, "सविस्तर सांग."

तिचे डोळे चमकले. तिला वाटलं, मॅडमना तिचा तक्ता ऐकायचाय. तिनं दोन्ही हात मोकळे केले आणि ती बोलत सुटली. बॅटरी भरलेली असली तर चाक जोरात. बॅटरी उतरली तर हळू. म्हणून मी रोज बॅटरी बघितली, रोज वळवलं, रोज लिहिलं. एकशे चाळीस वेळा. आधी वाटलं आकडे वेडेवाकडे आहेत. मग कळलं, उतरताना बॅटरी आधी सावकाश उतरते आणि शेवटी एकदम. हे पुस्तकात नव्हतं. हे मला वहीत सापडलं.

मला इतकं सगळं तिनं पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. मी कधी बसून विचारलंच नव्हतं.

आणि मॅडमच्या पुढ्यात जो कागद होता, त्यावर यातलं काही नव्हतं. मी बोलत होते, "खाली काळी रेघ दिसेस्तोवर गाडी वळत राहते. रेघ दिसली की थांबते. असं केल्यानं वेळ लक्षात ठेवायला लागत नाही." तिचे हात एक गोष्ट सांगत होते आणि माझा आवाज दुसरी. मॅडम तिच्याकडं बघत माना डोलावत होत्या.

बोलता बोलता तहसीननं माझ्याकडं पाहिलं. बरोबर येतंय ना, एवढंच बघायला असेल. 'बॅटरी' म्हणताना ओठ मिटावे लागतात. आरशापुढं बसवून, गालाला हात लावून, बॅटरी, बाहुली, बादली असे शब्द तिला मीच शिकवले होते. ती माझ्या ओठांकडं बघत राहिली. तिच्या हातांनी बॅटरीची खूण पुन्हा केली, मुद्दाम, हळू. माझे ओठ मिटले नाहीत.

तिचे हात तसेच हवेत राहिले. मग तिनं ते मांडीवर ठेवले.

"झालं तिचं?" मॅडमनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"फार स्पष्ट विचार आहेत गं तुझे," मॅडम तहसीनला म्हणाल्या. मी ते खुणेनं सांगितलं. तहसीन माझ्या हातांकडं बघत नव्हती.

आम्ही दुसरे आलो. नाशिकला होणाऱ्या अंतिम फेरीसाठी निवड झाली. मंचावर तिघांना बोलावलं, तेव्हा विघ्नेशनं ढाल धरली, सुगंधानं प्रशस्तिपत्रं धरली आणि तहसीन कडेला नुसती उभी राहिली. सगळ्या दालनानं हात वर करून पंजे हलवले. माईकवरून कोणीतरी तसं सांगितलं होतं. थोरात सरांचा फोन आला. "बाई, शाळेच्या इतिहासात असं झालं नव्हतं!"

जीपमध्ये मी मुद्दाम तहसीनशेजारी बसले. खंबाटकी घाट उतरल्यावर मी तिच्या खांद्याला हात लावला. ती वळली. मी म्हटलं, "तहसीन, ऐक. मी का तसं केलं—"

तिनं डोळे मिटले.

ऐकू येणारं माणूस रुसलं तरी आपण त्याच्या कानावर काही घालू शकतो. तो पाठ फिरवू दे, दुसऱ्या खोलीत जाऊ दे, आपला आवाज पोहोचतो. तहसीननं डोळे मिटले आणि माझ्याकडं काहीच उरलं नाही. सातारा येईपर्यंत ती तशीच बसून राहिली. झोपली नव्हती. पापण्या हलत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी मेसच्या दाराशी. "आता समजावते, चल, रेघेचं सगळं समजावते," असं मी म्हणायचे, आणि पहिल्या दोन खुणांतच ती डोळे मिटून घ्यायची. उद्धटपणानं नाही. दार लावावं तसं, हळूच. बाकी सगळं ती नीट करायची. वही तपासायला द्यायची, हजेरीला हात वर करायची.

मी थोरात सरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले.

"मुलांना कुणाकुणाला माहीत आहे?"

"तिघांनाही, सर. तिनं त्यांना सांगितलं असणार."

"मग ते राहू दे तिघांत. बाई, चूक झाली, मान्य. पण गावात मिरवणूक काढली आपण त्यांची. सुगंधाचे आईवडील पहिल्यांदा शाळेत आले. आता कुणाला जाऊन काय सांगणार?"

मी त्याच संध्याकाळी पेंडसे मॅडमना फोन लावला. आयोजकांकडून नंबर घेतला होता. मी अडखळत सगळं सांगितलं. प्रोग्रॅम मी लिहिला होता. मुलीनं ते सांगितलं होतं. मी खोटं बोलले. आमचा क्रमांक काढून घ्या, हवं तर मला पत्र लिहायला सांगा.



"शिर्केबाई," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फार मऊ झाला होता. "दुसऱ्या शाळेनं केलं असतं ना, तर मी आत्ताच्या आत्ता संघ बाद केला असता. पण तुमच्या मुलांचं… अहो, ती इथवर आली हेच केवढं मोठं आहे. तुम्ही कशासाठी केलंत ते मला कळतं. राहू द्या. मी हे कुणाला बोलणार नाही."

"मॅडम, तुम्ही बोलावं म्हणूनच मी—"

"राहू द्या हो. त्यांचा आनंद हिरावून घेऊ नका." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी रिसीव्हर हातात धरून ऑफिसात उभी राहिले. बाहेर मैदानात मुलांचा खेळाचा तास चालला होता. कुणाचाही आवाज नव्हता, नुसते पाय धावत होते.

आठवड्यानं तहसीननं थोरात सरांना एक चिठ्ठी नेऊन दिली. सरांनी ती मला दाखवली. तिचं अक्षर सुरेख होतं. वाक्यं मात्र आमच्या सगळ्या मुलांची असतात तशी, तुटक. 'फायनल बाई बोलणार नाही. मी लिहिणार कागद. प्रोग्रॅम आमचा जुना.'

"काय करू?" सरांनी विचारलं.

"ती म्हणते तसं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्या मुलांवर माझा जो काही हक्क होता, तो मी पुण्यातच घालवून आले होते.

विघ्नेश मला व्हरांड्यात भेटला. तो बिचकतच म्हणाला, "बाई, तुमचा प्रोग्रॅम चांगला आहे. पण तहसीन म्हणाली, आणि आम्हीपण हो म्हटलं." मग जरा थांबून, "तुम्ही येणार ना नाशिकला?"

"येणार."

ते तीन आठवडे मुलांनी एकट्यांनीच तयारी केली. मी विज्ञानाच्या खोलीची किल्ली द्यायचे आणि बाहेर पायरीवर वह्या तपासत बसायचे. गाडी फरशीवर पडली की मला आवाज यायचा. त्यांना येत नव्हता. मग आत धावपळ व्हायची, आणि थोड्या वेळानं चाकांची घरघर पुन्हा सुरू व्हायची. त्या खोलीत जायला मला कोणी मनाई केली नव्हती, पण मला कोणी बोलावलंही नव्हतं.

तहसीन पुढं दहावी करून शाळेतून गेली. आज ती चाकणला एका कारखान्यात मोजमाप तपासण्याच्या विभागात आहे, हे मला विघ्नेशकडून कळतं. तिचं लग्न झालं, मुलगी झाली, हेही त्याच्याकडूनच. मी अजून त्याच शाळेत आहे. मुलांबरोबर कुठं बाहेर जायची वेळ आली की मी दुसऱ्या शिक्षकांना पाठवते. नाशिकला गेले, ती शेवटची.

नाशिकच्या अंतिम फेरीत बॅटरीचा आकडा सात पूर्णांक नऊ होता. तहसीननं तक्त्यात बोट फिरवलं, वेळ भरली. मी पट्टीमागून बघत होते. पहिलं वळण बरोबर आलं. दुसरंही. पहिला लाल ठोकळा जागेवर गेला, मग निळा. माझे हात माझ्या नकळत वर झाले होते. तिसऱ्या वळणाला गाडी किंचित कमी वळली. पेनाच्या जाडीइतकी असेल. ती दुसऱ्या लाल ठोकळ्याला घासून गेली आणि त्याला ढकलत ढकलत रेघेबाहेर घेऊन गेली. तहसीन टेबलाच्या कडेला हात टेकून ते शेवटपर्यंत बघत राहिली. डोळे मिटले नाहीत.

चारातले दोन ठोकळे. अजून तोंडी परीक्षा उरली होती.

त्या खोलीला काचेचं दार होतं. मी बाहेर उभी होते. आत या वेळी तीन परीक्षक होते, तिघंही नवे. एकानं प्रश्न कागदावर लिहून पुढं सरकवला. तहसीननं वाचला आणि लिहायला लागली. ती लिहीत होती, परीक्षक घड्याळ बघत होते. तिनं कागद दिला. त्यांनी वाचला, शेजारच्याला दाखवला. दोघांनीही भुवया वर केल्या. काय लिहिलं असेल ते मला इथून कळत होतं. 'बॅटरी जास्त गाडी वेळ कमी. मी रोज मोजले. शेवटी बॅटरी एकदम.' मला त्यातला शब्दन्शब्द समजला असता. त्यांनी कागदावर पुन्हा काहीतरी लिहिलं. म्हणजे? असं असेल. तहसीननं नवा कागद घेतला. विघ्नेश शेजारून चाकांच्या आकृत्या काढायला लागला. सुगंधा हातवारे करून सांगत होती आणि परीक्षक तिच्याकडं बघून हसत होते, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

दोन मिनिटं उरली असताना मधल्या परीक्षकांनी वर पाहिलं. काचेतून मी त्यांना दिसले. माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'शिक्षक' लिहिलेलं होतं. त्यांनी मला हातानं आत बोलावलं.

मी दाराच्या मुठीवर हात ठेवला.

तहसीननं मागं वळून पाहिलं. पुण्याहून परतल्यापासून पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग फक्त एक पंजा हलवला. नको.

परीक्षक पुन्हा मला बोलावत होते. मी मुठीवरचा हात काढला आणि मान हलवली. त्यांना वाटलं असेल, कसली शिक्षिका आहे ही. तहसीन पुन्हा कागदाकडं वळली आणि जोर देऊन, भराभर लिहायला लागली. घंटा वाजली, ती तिला ऐकू आली नाही. परीक्षकांनी तिच्या हातावर हलकेच टकटक केलं, तेव्हा ती एका वाक्याच्या मध्यावर होती.

आमचा क्रमांक एकविसावा आला. बावीस संघ होते.

निकाल लागल्यावर विघ्नेश आणि सुगंधा गाडी खोक्यात भरत होते. तहसीन सरळ माझ्याकडं आली आणि समोर उभी राहिली. मी काही म्हणायच्या आत तिचेच हात हलले.

"अर्धंच लिहून झालं. त्यांना समजलं नाही."

"हो. मी पाहिलं."

"तुम्ही आत आला असता तर त्यांना समजलं असतं."

तिचे हात थांबले नाहीत.

"तुम्ही माझं खरं तेच सांगितलं असतं, तरी तुमच्या आवाजात ते छान वाटलं असतं. कदाचित आम्ही वरही आलो असतो. माहीत आहे मला."

तिनं हात खाली केले आणि माझ्या हातांकडं बघत थांबली. मी हात वर उचलले. माफ कर, याची खूण अगदी सोपी आहे, पहिलीच्या मुलालाही येते. माझ्या हातांना ती जमेना. ती पुष्कळ वेळ थांबली. मग विघ्नेशनं येऊन तिच्या खांद्यावर थाप मारली, चार्जर सापडत नव्हता, आणि ती तो शोधायला गेली.